पोहता येणारा अपंग

आमदार दिसला की अजून माझं डोकं फिरतं. कुठल्या पक्षाचा, चांगला की वाईट, हे मी विचारतसुद्धा नाही. नातवंडं म्हणतात, आजी, अख्ख्या जमातीवर काय राग धरतेस? धरते! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. या लोकांनी माझ्या भावाच्या हातची मासोळी पोटभर खाल्ली आणि वर त्यालाच खोटारडा ठरवलं. हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. सानगडीकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आमची वस्ती. भाऊ माझ्याहून मोठा. लहानपणी ताप आला आणि त्याचे दोन्ही पाय गेले. जमिनीवर तो गुडघ्यांना टायरचे तुकडे बांधून हातांवर सरकत चालायचा. वस्तीपुरतं निभायचं, पाळीच्या पलीकडे नाही. पाण्यात मात्र त्याचं पायांवाचून काही अडत नसे. डोंगा वल्हवायचा, जाळं टाकायचा, पाण्यातल्या बुंध्याला जाळं अडकलं तर बुडी मारून सोडवायचा. आमच्यात कोणाला त्याचं नवल नव्हतं. ढिवराचं पोर पोहणार नाही तर काय करणार?

अडायचं ते बाजाराला. मासोळी त्यानं धरायची आणि टोपली डोक्यावर घेऊन सानगडीला मी जायचं. माझं लग्न ठरत आलं होतं. मी सासरी गेल्यावर टोपली कोण नेणार? माय थकलेली. एक दलाल पाळीवर येऊन मातीमोल भावात माल उचलायला टपूनच बसला होता. अशात सरकारनं अपंगांना हातानं चालवायची तीनचाकी सायकल द्यायला सुरुवात केली. भावानं भंडाऱ्याच्या दवाखान्यातून दाखला आणला. आणला म्हणजे काय, मामानं त्याला पाठीवर घेतलं आणि एसट्या बदलत नेऊन आणलं. सायकल मंजूर झाली, साकोलीला येऊन पडलीसुद्धा. मामा ती बघून आला. हिरवी आहे म्हणाला, आणि मागं पेटी ठेवायला जागा आहे.

“बाई, तू खुशाल जाय सासरी,” भाऊ म्हणायचा. “मी पेटीत मासोळी टाकतो अन् सानगडीच्या बाजारात सोता बसतो. पाहू मंग तो दलाल कसा येते त.”

मग कुठंतरी बोभाटा झाला, की धडधाकट माणसं या सायकली लाटतात. खोटं नव्हतं ते. आमच्याच भागात एका पुढाऱ्याच्या भाच्यानं, दोन्ही पायांनी ठणठणीत, अशी सायकल मिळवून तिच्यावर दूध वाहायला गडी ठेवला होता. विधानसभेत प्रश्न विचारला गेला. नागपूरचं अधिवेशन चालू होतं, तिथून आमदारांची समिती निघाली. गावोगाव जाऊन अपंगांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, आणि खरा असेल त्यालाच सायकल द्यायची. ऐकायला किती न्यायाचं! मी तर खूश झाले. म्हटलं, येऊ द्या बापा, भावाचे पाय आंधळ्यालाही कळतील.

कोतवालानं दवंडी दिली. समिती शाळेत बसणार, जेवणही तिथंच. सरपंचांनी कोंबड्यांचं ठरवलं होतं, पण भाऊ अडून बसला. आमच्यात रीत आहे. पाहुणा ज्याच्यासाठी येतो, त्यानंच पाण्यात उतरून धरलेली मासोळी पाहुण्याच्या ताटात पडली पाहिजे. दुसऱ्याकडून आणून वाढली तर तो पाहुण्याचा अपमान. सोयरीक जुळवायला लोक आले की मुलीचा बाप कितीही म्हातारा असो, पहाटे जाळं घेऊन निघतो.

“माह्यासाठी येऊन राहिले ते,” भाऊ म्हणाला. “मासोळी माह्याच हातची पायजेन.”

“अरे, थंडी केवढी हाय! काकाले सांग ना.”

“सायकल काकाले भेटून राहिली का?”

मी टोपली धुवायला घेतली.

समिती दुपारी यायची होती, ती सकाळीच आली. जन्मात ही माणसं कधी वेळेवर आली नाहीत आणि नेमकी त्या दिवशी यांना घाई! गावात शिरायचा रस्ता पाळीवरूनच. सरपंच तिथं हार घेऊन उभे, मी टोपली घेऊन. जीपा थांबल्या, साहेब लोक उतरले. तलावाच्या मधोमध जाळं अडकलं होतं. भावानं बुडी मारली. बराच वेळ वर येईना, तसे सगळे पाण्याकडे बघायला लागले. मग तो वर आला तो कवेत हा एवढा रोहू घेऊन! एकानं तर टाळीच वाजवली.

“वा! कोण आहे हा?” सफारी घातलेल्या अध्यक्षांनी विचारलं.

सरपंचांची छाती फुगली. “साहेब, हाच तं आपला अपंग! तुमच्यासाठीच उतरला पाण्यात.”

बिचाऱ्याला वाटलं आपण शिफारस केली. आमच्यात याहून मोठी शिफारस नाहीच. पण साहेबांचे चेहरे उतरले. अध्यक्षांनी सोबतच्या अधिकाऱ्याकडे पाहून नुसतं “हं” केलं. 

शाळेत ते खुर्च्यांवर बसले. भाऊ ओल्या अंगानं, हातांवर सरकत आत आला आणि जमिनीवर बसला. अंगाला कापरं भरलेलं, तरी चेहरा हसरा. डॉक्टरचा दाखला टेबलावर होता. पाय समोर होते, काटकीसारखे, दुमडलेले. त्यांच्याकडे कोणी पाहीना.

“डोंगा तुम्ही एकटेच चालवता?”

“हो साहेब.”

“पोहता किती वेळ?”

“दम हाय तोवर.”

“त्रास होत नाही?”

“कायचा त्रास साहेब? लहानपनापासून पान्यातच हावो.”

पाहुण्यापुढं रडगाणं गायचं नाही, हे आम्हाला आईच्या दुधातून मिळालेलं. त्यानं थोडं कण्हलं असतं, “नाही जमत हो” म्हटलं असतं, तर सायकल दारात आली असती. पण तसं बोलणं त्याला सुचलंच नाही. जे होतं ते सांगितलं, आणि वर अभिमानानं सांगितलं.

मला राहवलं नाही. मी दारातूनच ओरडले, “साहेब, सानगडीचा बाजार काय पान्यात भरते का? थेथवर हा पोहत जाईन का?”

एक जण हसला. अध्यक्ष म्हणाले, “बाई, तुम्ही मध्ये बोलू नका.”

“मध्ये कशी? माहा भाऊ हाय तो! तुमी त्याले जरा चालून दाखवाले सांगा, मंग समजन.”

सरपंचांनी मला हाताला धरून बाहेर काढलं. खिडकीतून ऐकू येत होतं. अध्यक्षांचा आवाज अगदी गोड होता. पाय अधू आहेत हे मान्य, म्हणाले, पण माणूस कामाचा आहे, कमावता आहे. सरकारचं साधन खऱ्या गरजूला मिळालं पाहिजे, हाच गैरप्रकार थांबवायला आम्ही फिरतो आहोत. गैरप्रकार! पुढाऱ्याच्या भाच्याकडे यांची जीप वळलीसुद्धा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आणि मग ते जेवायला बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी मायला म्हटलं, गंज उचल, नाल्यात ओत तो रस्सा. भावानं डोळ्यांनीच मला दटावलं. तो दाराशी बसून पाहुण्यांना आग्रह करत होता. “आनखी घ्या साहेब. डोक्याचा तुकडा घ्या.” आणि त्यांनी घेतला! निलाजऱ्यांनी बोटं चाटली. मुंबईत अशी मासोळी मिळत नाही म्हणाले.

सायकल परत गेली. कुठं गेली, कोणाला मिळाली, देवाला ठाऊक. साकोलीच्या कचेरीतला कारकून त्यातल्या त्यात भला निघाला. त्यानं मामाला बाजूला घेऊन सांगितलं, की पुन्हा अर्ज करा, पण तपासणी होईपर्यंत त्याला पाण्यात दिसू देऊ नका.

झालं! पुन्हा अर्ज टाकला, आणि भावानं तेच मनावर घेऊन पाण्यात उतरणं सोडलं. माझं लग्न झालं, मी सासरी गेले. माल दलाल उचलू लागला, आणि माल तरी कसला, काका धरून देईल तेवढाच. मी माहेरी आले की भाऊ अंगणात बसलेला. मी भांडायची.

“जाय ना पान्यात. कायले असा बसून राहिला?”

“कोनी पाहीन ना.”

“कोन पाहते? कुत्रं नाही आलं इकडे!”

“येतीन. समिती कवा येईन सांगता येते का? सायकल भेटू दे, मंग उतरतो.”

दोन पावसाळे गेले. समिती आली नाही, तपासनीस आला नाही. तिसऱ्या वर्षी दिवाळीला मी आले, तेव्हा काकानं जबरदस्तीनं त्याला डोंग्यात घातलं. मी पाळीवर उभी होते. भाऊ पाण्यात उतरला, चार हात मारले, आणि बुडायला लागला. माझा भाऊ! काकानं बखोटीला धरून त्याला ओढून काढलं, काठावर आणून टाकलं. दंड पार सुकलेले, धाप लागलेली, नाकातोंडातून पाणी वाहतंय. श्वास परत आल्यावर माझ्याकडे पाहून तो हसला.

“बाई, बलाव आता तुह्या समितीले,” तो म्हणाला. “आता पास होतो मी.”