प्रातिनिधिक पाद्यपूजन

स्वागत या शब्दाची मला आता शिसारी येते. शाळेच्या, दुकानाच्या, रेसॉर्टच्या, कुठल्याही दारात 'सहर्ष स्वागत' लिहिलेला फ्लेक्स दिसला की मी आधी बघते, फोटो कुणाचा आहे. येणाऱ्याचा तर कधीच नसतो. डोंबलाचं स्वागत!

गेल्या जूनमध्ये माझी मुलगी आठवीला गेली, म्हणजे गावची जिल्हा परिषदेची शाळा सोडून कर्जतच्या हायस्कुलात. शाळा सुरू झाली नाही तोच पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला. नव्या वर्षात नव्या पालकांचं स्वागत, शनिवारी सकाळी, विद्यार्थ्यांच्या हस्ते पालकांचं पाद्यपूजन. खाली जोडलेले हात आणि गुलाबाची फुलं, एवढी की मोबाइलची काच भरून गेली. संध्याकाळी मुलगी दप्तर टाकायच्या आधीच म्हणाली, "आई, स्टेजवर मी करणार हाय. सगळ्या आठवीतून बाईंनी मलाच निवडलं."

"काय करणार?"

"पाय धुणार, कुंकू लावणार, फूल वाहणार. तुझे पाय."

"अगं बाई! माझे पाय बघितलेस का कधी?"

"म्हणून तर धुवायचेत," ती म्हणाली आणि हसत सुटली.

मला वाटलं, सातवीत पहिली आली होती म्हणून निवडली असेल. आई ती आईच, दुसरं काय वाटणार!

आम्ही पळसदरीजवळ एका बंगल्यावर राखणीला आहोत, नवरा आणि मी. बंगल्यामागच्या खोलीत राहतो. साहेब मुंबईचे. शुक्रवारी रात्री मित्रमंडळी घेऊन येतात, रविवारी जातात. नवऱ्याकडे गेट, बाग, पोहण्याचा तलाव. माझ्याकडे झाडलोट, भांडी, चादरी, आणि त्या मंडळींनी रात्रभर जे काय करून ठेवलं असेल ते सकाळी निस्तरायचं. सगळंच लिहीत नाही, वाचणाऱ्याचं जेवण व्हायचं असेल.

पण एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून पाळली होती. मुलीने बंगल्याची पायरी चढायची नाही. पाहुण्यांनी "ए बेटा, जरा बरफ ला ना" अशी हाक मारली की हातातलं टाकून मी धावत जायचे. नवरा चिडायचा. "पोरीनं येक गिलास उचलला तर काय झिजणार हाय गं ती?" मी म्हणायचे, "झिजायला मी आहे ना? तिच्या हाताला यांचं उष्टं लागू देणार नाही." माझं देवाकडे दुसरं काही मागणंच नव्हतं. ती काय होईल, कुठे जाईल ते तिचं ती बघेल, पण यांच्या घरची म्हणून कुणी तिला ओळखायचं नाही.

तर शुक्रवारी संध्याकाळी मी वजरी घेऊन मोरीत बसले. फिनेल आणि त्या तलावाच्या औषधाच्या पाण्याने माझ्या टाचा फाटून त्यांची जाळी झालेली. घास घास घासल्या, वरून खोबरेल चोळलं. नवरा दारात उभा राहून बघत होता. "लग्नाला बी इतकी घासली नव्हतीस," म्हणाला.

"लग्नात माझे पाय कोण बघत होतं? तुमचा डोळा जिलेबीवर!"

हसला मेला. मीही हसले. चारचौघांत आपली लेक आपले पाय धुणार म्हटल्यावर लाजही वाटत होती आणि आतून गुदगुल्याही होत होत्या. खोटं कशाला बोलू?

त्याच रात्री साहेबांची मंडळी आली. सकाळी उठून बघते तर कुंड्यांत कोंबडीची हाडं, बेसिनमध्ये गुटख्याच्या पिचकाऱ्या, सोफ्यावर साहेबांचे ओले मोजे. आणि मी ज्या बादलीत फरशीचं पाणी घेते, त्या बादलीत कुणीतरी ओकून ठेवलेलं. बंगल्यात तीन संडास आहेत, तरी माझी बादली. थू! सगळं काढलं, धुतलं, फिनेल ओतलं, दोनदा अंघोळ केली, तरी नाकातला वास जाईना. मग लिंबू रंगाची साडी नेसले आणि कर्जतला निघाले. नवरा काही येऊ शकला नाही. साहेब उठले होते, बाकीचे पावणे लोळत होते, त्यांचा चहा कोण करणार?

शाळेच्या गेटवर फ्लेक्स. फ्लेक्सवर आमचे साहेब. पांढरा कुर्ता, हात जोडलेले, आणि खाली लिहिलेलं: 'आपल्या शाळेचे पालक'. शाळेला त्यांनी बाकं दिली होती म्हणे. दिली, चांगलं केलं, मी नाही म्हणत नाही. पण कार्यक्रम शनिवारीच का ठेवला ते मला तेव्हा कळलं. साहेब शनिवारशिवाय इकडे नसतात.

गेटवर दोन मुली ओवाळायला उभ्या होत्या. गाडीतून उतरणाऱ्याला कुंकू आणि फूल. चालत आलेल्याला "काकू, तिकडून जावा." आत पत्र्याच्या शेडमध्ये पुढे सोफे, त्यामागे खुर्च्यांवर जमिनीचे एजंट, आणि त्यांच्याही मागे सतरंजीवर आम्ही. माझ्या शेजारी डोंगरातल्या वाडीवरची एक बाई बसली होती. मुलाला घेऊन पहाटेपासून चालत आलेली. पाय चिखलाने भरलेले, ते ती लुगड्याखाली ओढून घेत होती. तिने हळूच विचारलं, "माझे पण धुतील का गं?"

"मग? सगळ्यांचे धुतील," मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

साहेब येईपर्यंत फुलं माना टाकून बसली. आले तेव्हा लेझीम, ढोल, सगळे उभे. काळा चष्मा लावलेला. लोकांना वाटलं रुबाब. चष्म्याच्या आत डोळे कसे असतील ते त्या अख्ख्या शेडमध्ये मला एकटीला माहीत होतं. मुख्याध्यापक पुढे धावत सुटले, त्यांचा टाय मागे खांद्यावर. मग भाषणं झाली. साहेब संस्कारावर बोलले. आजच्या पिढीला स्वच्छता कळत नाही म्हणाले. मी मान खाली घालून सतरंजीचा धागा ओढत बसले, नाहीतर तोंडातून काहीतरी निघून गेलं असतं.

मग बाईंनी माईक घेतला. मुलगी स्टेजवर आली, हातात पितळेचं ताट, तांब्या, टॉवेल. निळ्या रिबिनी घट्ट बांधलेल्या. मी पदर सारखा केला, अर्धी उठलेसुद्धा.

"वेळेअभावी सर्व पालकांचं पाद्यपूजन शक्य नसल्यामुळे," बाई म्हणाल्या, "प्रातिनिधिक स्वरूपात आपण आपल्या शाळेचे पालक, आदरणीय साहेब यांचं पाद्यपूजन करणार आहोत."

मी तशीच अर्धी उभी. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काकू, बसा ना खाली!" बसले. वाडीवरच्या बाईने विचारलं, "तुला नाय बोलावलं?"

"नाही. त्यांना."

कशात काय न् फाटक्यात पाय! तोंड कुठे लपवू असं झालं. पण माझं जाऊ दे. मुलगी स्टेजवरून मला शोधत होती. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी रिकाम्या खुर्चीपुढे तालीम घेतली होती, खुर्चीत कोण बसणार ते काय तिला माहीत!

साहेब म्हणत होते, "अरे नको, नको, हे कशाला?" आणि म्हणता म्हणता एका हाताने मोजा काढत होते. तोंड नको म्हणत होतं, हात हो म्हणत होता. ते मोजे मीच धुतलेले. तो पायही माझ्या ओळखीचा, अंगठ्याचं नख काळं पडून वर आलेलं. तो पाय त्यांनी ताटात ठेवला आणि मग चष्मा वर करून मुलीकडे बघितलं.

"अरे! ही तर आपल्याच घरची! हिची आई आमच्याकडे असते ना कामाला!"

माईक चालूच होता. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापक वाकून म्हणाले, "म्हणूनच साहेब, म्हणूनच तर हिची निवड केली."

म्हणूनच! पहिली आली म्हणून नव्हे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ठीक आहे, वाजवा ना, घसा फुटेस्तोवर जयजयकार करा. पण टाळी वाजवायला माझ्या पोरीचे हात? मला अशी किळस आली की सकाळची बादली परवडली. ती निदान धुता आली होती.

मुलगी गुडघ्यांवर बसली. फोटोवाला म्हणत होता, "बाळा, अजून खाली वाक. साहेबांकडे बघ. हस जरा." तिने तांब्या तिरका केला, पाणी पडलं, आणि ती तशीच थांबली.

मी उठले. कुणाच्या अंगावरून, कुणाच्या खुर्चीला धडकत गेले, ठाऊक नाही. स्टेजच्या पायऱ्या चढताना वाक्य जिभेवर तयार होतं: ही पोर हे पाय धुणार नाही. एवढंच. सोपं वाक्य. मी समोर जाऊन उभी राहिले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, शनिवारी सकाळी चहा मागताना बघतात तसंच. आणि मला आमची खोली दिसली. गेटवरचा नवरा दिसला. चूल, कपाट, तिची पुस्तकं, सगळं बंगल्यामागच्या त्या खोलीतलं. वाक्य गिळलं मी.

"ऊठ गं," माझ्या तोंडून आलं, "मी करते."

ती हलली नाही. मी तिला बाजूला सारलं, ताट माझ्याकडे ओढलं आणि साहेबांचा पाय धुतला. मग दुसरा. बोटांमधून टॉवेल फिरवला. हाताला सवयच, विचार करावा लागत नाही. अख्ख्या शेडने टाळ्यांचा कडकडाट केला. बाईंचा आवाज भरून आला. "याला म्हणतात संस्कार! आई आणि लेक, दोघींनी..." पुढचं मला ऐकू आलं नाही.

साहेब खूश झाले. "छान हं, मावशी." इतकी वर्षं झाली, माझं नाव त्यांना ठाऊक नाही. मग माईकमध्ये म्हणाले, "हिची दहावी होऊ द्या. आपण बंगल्याचं रेसॉर्ट करतोय. हिला तिथेच चिकटवून टाकू. घरची मुलगी घरातच!" पुन्हा टाळ्या. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी धावले, ते त्या माणसाने मोजे घालता घालता निकालात काढलं, आणि वर उपकार म्हणून.

नंतर चहा आणि वडे होते. एक एजंट येऊन म्हणाला, "ताई, फोटो एक नंबर आलाय, ग्रुपवर टाकतो." मी नळाखाली हात धरून उभी होते. वाडीवरची बाई मुलाला घेऊन परत निघाली होती. माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, माझा नंबर नाय लागला." त्या दिवशी खरं बोललेलं ते एकच माणूस.

रिक्षाने फाट्यावर सोडलं. तिथून घरापर्यंत चालत. मुलगी पुढे, मी मागे. पळसदरीच्या धरणाच्या रस्त्याला मुंबईच्या गाड्या लागलेल्या, गाणी चालू. शेवटी मीच बोलले. "रागावलीस का गं? मी तुला उठवायलाच आले होते."

ती थांबली. वळली. डोळे कोरडे होते, रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मी धुणार नव्हते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पाणी सांडलं, तवाच मी ठरवलं. ताट तिथंच ठेवून उठणार होते. माईक समोरच होता. सांगणार होते, माझी आई तिकडं खाली बसलीय, मी तिचे धुणार हाय." मग म्हणाली, "म्हणजे, जमलं असतं बहुतेक."

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"बोलणार तोपर्यंत तू आलीस. मला वाटलं, आता आई घेऊन जाते मला." तिने खालचा ओठ दाताखाली धरला. "उठवायचंच होतं, तर हाताला धरून उठवायचंस ना गं. ताट कशाला धरलंस?"