कुरुळीहून दोन किलोमीटर मागे

सर्वांत आधी नाव सांगायचं ते गायकवाडभाऊंचं. आमच्या खात्यात ड्रिल मशीनवर पहिल्या शिफ्टला ते असतात आणि दुसरीला मी. ते नसते तर एव्हाना मी पिंपरी सोडून गावी येऊन बसलो असतो. आता काय झालं ते लिहितो. शाळा सातवीत सुटली, तेव्हा मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

निघोज्याजवळ एक घर आहे. ज्यांच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले, अशा माणसांना तिथं शेवटपर्यंत सांभाळतात. बाबांचे शेवटचे तीन आठवडे तिथंच गेले. त्या घराच्या विहिरीवर मोटर नाही, आया पाणी शेंदून आणतात. मोटरसाठी आमच्या कामगार मंडळाने कंपनीपासून त्या घरापर्यंत पळण्याची टूम काढली. पळणाऱ्याने खात्यातल्या माणसांकडून शब्द घ्यायचा, की मी जितके किलोमीटर पळेन तितके रुपये तुम्ही द्यायचे. आमच्या खात्यातून मी एकटाच उभा राहिलो. कोकणातला गडी डोंगर चढेल, सपाटीवर याला चक्कर येईल, असं म्हणत का होईना, सगळ्यांनी नावं दिली.

शनिवार होता, कंपनी चालू. आम्ही दुसऱ्या शिफ्टचे लोक सकाळी पळून तीनला कामावर येणार होतो. पण नारळ फोडायला बोलावलेले पाहुणेच उशिरा आले, मग त्यांचं भाषण. साडेआठचं पळणं अकराला सुटलं. मला तेव्हापासूनच धाकधूक. मी बदली कामगार. शिफ्टला गैरहजर लागलो की नाव कमी.

भोसरीपर्यंत कारखान्यांच्या भिंती आणि पत्र्याच्या शेड. मोशीपासून मात्र दोन्ही बाजूंना कांद्याचे वाफे, मधेच हरभरा. इंद्रायणीला पाणी बेताचं होतं. पूल ओलांडून थोडं पुढे गेलो आणि बरगडीखाली अशी कळ आली की रस्त्याकडेला बसलोच. बाकीचे पुढे गेले.

मागून कांद्याच्या गोण्या भरलेला एक मेटॅडोर आला. ड्रायव्हरने थांबवून विचारपूस केली. मला पळतच जायचं आहे म्हटलं, तर तो म्हणाला, "अहो राव, पळत जाऊन बी तितंच जायचं ना? बसा." त्याने दार उघडलं आणि मी बसलो. नाही म्हणायला जमलं नाही असं लिहिलं असतं, पण खरं म्हणजे बसावंसं वाटलं. किलोमीटरचे दोन दगड मागे गेले तेव्हा भानावर आलो आणि कुरुळीच्या फाट्यावर (गावाकडे रस्ता फुटतो ती जागा) उतरलो.

फाट्यावर एक मास्तर टेबल टाकून बसले होते. तिथपर्यंतच्या किलोमीटरची सही ते कार्डावर करायचे. त्यांच्यापुढे एकदोघे होते म्हणून मी थांबलो. शेजारी माळवं (भाजीपाला) घेऊन बसलेल्या म्हातारीने माझ्या हातात डहाळा (घाटे लागलेला हिरवा हरभरा) कोंबला आणि कुणाचा नवस फेडतोयस विचारलं. मी त्या घराचं सांगितलं.

"मग ती मान्सं बरी व्हत्याल का?"

"नाही, आजी."

"न्हाई? मग पळून काय उपेग?"

मी म्हणालो, "माझ्या बाबांना शेवटी पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. तिथली बाई रात्रभर कापूस भिजवून ओठांना लावत बसायची. तेवढ्यासाठी."

मास्तरांनी कार्ड मागितलं, पण मला ते पुढे करवेना. मेटॅडोरचं सांगून टाकलं. मास्तर हळूच म्हणाले, मी काही पाहिलेलं नाही, आण इकडे. पळणाऱ्यांना परत नेणारा ट्रक निघोज्याहून सव्वादोनला सुटणार, हेही त्यांनी बजावलं. घड्याळात दीड वाजत होता. मी चपळाईने मागे वळलो.

"आता उलटा कुठं निगालास? गाव हिकडं हाय की," म्हातारी ओरडली.

दोन दगड मागे चालत गेलो आणि तिथून पुन्हा पळत आलो. मास्तरांनी सही केली, वर पाहिलंसुद्धा नाही. निघोज्याला पोचलो तेव्हा ट्रक केव्हाच गेला होता. व्हरांड्यात खाटेवर बसलेल्या एका आजोबांनी कितवा आलास विचारलं. शेवटचा, म्हटलं. "असू दे. आमच्याकडं घाई कुणालाच नाही," ते म्हणाले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

एसटी मिळून गेटवर पोचलो तर पावणेपाच. नाव गेलं, असं धरूनच चाललो होतो. पण वॉचमनने आत सोडलं. मशीनवर गायकवाडभाऊ उभे होते. तीनला फोरमन माझं नाव कापायला निघाले, तेव्हा भाऊ म्हणाले होते, येतोय तो, तोवर मी मशीन सोडत नाही.

मला पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "किती राहिले?"

"एकही नाही, भाऊ."

त्यांनी हात पुसले आणि जवळजवळ पळतच गेले. त्याचं कारण मला शेजारच्या मशीनवाल्याने सांगितलं. भाऊंच्या मुलीला बघायला चारला पाहुणे यायचे होते. भाऊ तेलकट कपड्यांनीच घरी पोचले, तोवर ती माणसं चहा घेऊन ताटकळत बसली होती. सुदैवाने जमलं. वैशाखात विहारात लग्न आहे.

मोटर बसली, असं परवा कळलं. गावी येईन म्हणून तुम्हाला कळवलं होतं, ते वैशाखात जमणार नाही. भाऊंच्या घरी लग्न असेल त्या दिवशी त्यांची पहिली शिफ्टही मी करणार आहे आणि माझी दुसरीही. फोरमनना आत्ताच सांगून ठेवलंय. भाऊंना अजून सांगितलेलं नाही, कारण ते नको म्हणतील.