कुणाला बोलायचं नाही

मुलगी सात वर्षांची असताना तिला शुगर निघाली. बारामतीच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, हिला आता रोज इन्सुलिन टोचावं लागणार, कायमचं. सुई कशी धरायची ते मी विचारत होते. माझ्या नवऱ्यानं एवढंच विचारलं, "हे बाहेर कुणाला कळंल का?"

इंदापूरला परतताना गाडीत त्यांनी बजावलं, "कुणाला बोलायचं न्हाय. ताप आलता म्हणायचं. उद्या हिला कोण करून घील?"

"सात वर्षांची हाय ती," मी म्हणाले.

मग सगळं लपूनछपून सुरू झालं. घरी पाहुणे असले की मी तिला मोरीत नेऊन, दार लावून टोचायची. इंजेक्शनची वेळ झाली की यांना नेमकी विहिरीवरची मोटर आठवायची. "निदान शाळेत तरी सांगू द्या," मी कितीदा म्हणाले. "बाईंना सांगितलं म्हंजी गावाला सांगितलं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

एक दिवस शाळेतून फोन आला. खेळता खेळता पोरगी कोसळली होती. तिची साखर उतरली होती, पण बाईंना वाटलं, ऊन लागलं. त्यांनी तिला सावलीत निजवलं, तोंडावर पाणी मारलं. मी पोचले तेव्हा ती ओळख देत नव्हती. इंदापुरात सलाईन लावून तिला तसंच बारामतीला नेलं.

हे साखर कारखान्यात कामाला, तिथून थेट दवाखान्यात आले. मुलगी तोवर शुद्धीवर आली होती. आल्या आल्या मला म्हणाले, "सकाळी नीट खाऊ घातलं न्हवतंस का?"

"घातलं होतं. बाईंना ठाऊक नव्हतं, तुमच्यामुळं."

शेजारच्या खाटेवरची बाई दुसरीकडं बघायला लागली. हे उठून बाहेर गेले. मला तेही जमेना, मुलीनं माझा हात धरून ठेवला होता.

तिला घरी आणल्यावर मी शाळेत जायला निघाले, तर यांनी न बोलता मोटरसायकल काढली. बाईंना त्यांनीच सांगितलं, "पोरीला शुगर हाय. चक्कर आली तर आधी साखर द्या." मला भरून आलं. तेवढ्यात ते पुढं म्हणाले, "पण तुमच्यापुरतंच ठेवा, बाई."

बाहेर मुलीच्या मैत्रिणीची आई उभी होती. यांच्यादेखत मी तिला सगळं सांगितलं.

त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही फक्त मुलीच्या जेवणाबद्दल बोलायचो. आता ते टोचायला शिकलेत. पण त्या दिवसाचा विषय निघाला की अजूनही म्हणतात, "तू त्या बाहेरच्या बाईला सांगायला नको होतं."