थेंब थांबवले तेव्हा

मित्रांनो, आज सकाळी राखोलीच्या पंपघरात पंपाच्या फिरत्या दांड्याजवळून, म्हणजे शाफ्टजवळून, पाणी ठिबकत होतं. मला गळती बघवत नाही. मी तिथले नट गच्च आवळले. थेंब थांबले, पण थोड्याच वेळात तिथून धूर निघाला.

चाळींना पाणी सोडायची वेळ! आमचे जुने फिटर बापूकाका धावत आले. त्यांनी पंप बंद करून नट सैल केले.

“आरं भाऊ, ह्या थेंबांनीच शाफ्ट गार राहतो. तू तर त्याचा घसाच कोरडा केला!”

शाफ्ट निवल्यावर पंप सुरू झाला. पाणी उशिरा गेलं, पण गेलं. मी तिथेच बसून राहिलो. एकेक थेंब खिडकीतलं ऊन घेऊन लोंबकळायचा आणि अलगद सुटायचा.

रोज निघताना मी पंपघराचं कुलूप चारदा ओढून बघतो. आज एकदाच ओढलं.

तुम्हीही काही असंच गच्च आवळून ठेवलंय का?