रखमाबाईंचा तांदूळ

श्रीपादपंत पिशवी घेऊन दुसऱ्यांदा बाजाराकडे निघाले की आमच्या ओट्यावर हसू पिकायचं. त्यात मीही असायचो, हे आधीच कबूल करून टाकतो. कल्याणला आगगाडी येऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. पंत मामलेदार कचेरीतून पेन्शन घेऊन घरी बसलेले, मूलबाळ नाही, घरात दोघंच. मी भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी.

घरंदाज बाई बाजारात जायची नाही. पंतांना तर आंबेमोहोर नि कमोद यांतला फरकही कळत नसे. म्हणून दर पंधरवड्याला रखमाबाई घरातले चार दाणे त्यांच्या उपरण्याच्या टोकाला गाठ मारून द्यायच्या. "अस्साच आणा." पंत पोपटशेट वाण्याकडे गाठ सोडायचे, तांदूळ आणायचे. बाई तो तळहातावर पसरायच्या, एक दाणा दातांखाली धरायच्या आणि म्हणायच्या, "अहो, हा नव्हे." दर खेपेला! पंत लालबुंद होऊन परत जायचे. दुसऱ्यांदा आणलेला मात्र बाई मुकाट ठेवून घ्यायच्या.

पौषात बाई तापानं गेल्या. दहाव्याला आम्ही शहाडच्या बाजूला नदीवर जमलो. पिंड मांडला, पण कावळा शिवेना. समोरच्या झाडावर पाच-सहा बसलेले, एक हलेल तर शपथ. कुणी म्हणालं, "पाटल्या भाचीला देऊ." कुणी म्हणालं, "तुळशीची पूजा चुकवणार नाही." ऊन डोक्यावर आलं. तेव्हा पंतांनी मला विचारलं, "पिंडाचा तांदूळ कुठला?"

घरातलं मडकं पाहुण्यारावळ्यांत रिकामं झालेलं, म्हणून मीच स्टेशनाजवळच्या दुकानातून घाईघाईनं आणला होता. तसं सांगितलं. पंतांनी हात जोडले. "अगं, हा तुझा नव्हे. चुकलं आमचं. यापुढे घरात तुझाच तांदूळ येईल." वाक्य पुरं होतंय तोच कावळा उतरला. मला रडावं की हसावं कळेना.

पंतांनी तो शब्द जिवाला लावून घेतला. पण गाठीला बांधायला घरात जुना दाणा एकही उरला नव्हता, आणि नाव ठाऊक नव्हतं. पोपटशेटला म्हणाले, "आमच्या घरचा द्या." शेटनं दिला. पंतांनी बोटं भाजून घेत भात केला नि दुसऱ्या दिवशी परत नेला. "हा नव्हे." मग दुसरा नेला, तिसरा नेला. महिनाभर हेच. माणूस खंगायला लागला. "मी तिला शब्द दिलाय हो," एवढंच बोलायचे. शेवटी एका सकाळी मी त्यांच्याबरोबर गेलो. म्हटलं, शेटलाच फैलावर घेऊ.

शेटनं माप खाली ठेवलं. "पंत, रागावू नका. तुम्हाला मी पहिल्या दिवशी दिला, तोच तुमचा तांदूळ. वीस वर्षं तुम्ही परत आणायचात, मी तुमच्यादेखत पिशवी मागच्या खोलीत न्यायचो, नि त्याच पोत्यातला परत भरायचो. त्या दाण्याशी जुळणारा दुसरा होताच कुठे?"

"फसवलंस तिला?" पंत ओरडले.

"मी कोण फसवणारा? दातानं दाणा पारखणारी बाई ती. तिला काय एका पोत्यातला तांदूळ ओळखू येत नव्हता?"

पंत फळीवर बसले. रागाचा मागमूस नाही. कुणाकडेही न बघता बोलायला लागले. "पहिल्या खेपेला मी पिशवी टाकून तसाच सोंगट्या खेळायला जायचो. जेवायलाच घरी. दुसऱ्या खेपेला दमून यायचो. मग ती गूळपाणी द्यायची आणि समोर बसायची. शेट काय म्हणाला, वाटेत कोण भेटलं, सगळं विचारायची. मी चिडून चिडून सांगायचो." मग म्हणाले, "एरवी आम्ही बोलत नव्हतो हो."

मला आमच्या ओट्यावरच्या हसण्याची लाज वाटली. वीस वर्षं भिंतीपलीकडे एक बाई बोलायला माणूस शोधत होती, आणि आम्हाला ती खोडसाळ वाटत होती. शेटनं तांदूळ बांधून दिला. कोपऱ्यावर हौसाबाई भाजीवाली भेटली, तिनं वांगी घ्या म्हणून आग्रह केला, पंतांनी मान हलवली. ते त्यांच्या घरात गेले, मी माझ्या.

घटकाभरानं पंत माझ्या ओट्यावर आले. यापूर्वी कधी आले नव्हते. मी पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. त्यांनी तो हातातच धरला आणि सांगायला सुरुवात केली. शेट असं म्हणाला, मी तसं म्हणालो, परत येताना हौसाबाई भेटली, वांगी घ्या म्हणत होती. मी सबंध वेळ त्यांच्या शेजारीच होतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी ते सांगत राहिले, आणि मी विचारत राहिलो, "बरं, मग?"