उशीच्या खोळीखालचा फोटो

चंद्रपुरात फोटोंच्या एका प्रदर्शनात मी स्वतः काढलेल्या फोटोवर उशीची खोळ चढवली होती. जांभळ्या फुलांची, खोबरेल तेलाचा वास मारणारी. कोणाला तो फोटो दिसू नये म्हणून! हे ऐकलं की माझी नातवंडं लोळून हसतात. हसू द्या. त्या दिवशी माझ्यावर काय बेतलं होतं, ते त्यांना काय ठाऊक.

आमचं गाव एटापल्लीकडचं. नवरा गावचा पोलीस पाटील. जंगलात बंदुका घेऊन फिरणाऱ्यांना वाटायचं, हा पोलिसांना खबरा पोचवतो. एका दुपारी ओळखीचाच एक माणूस ओसरीवर आला, पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हणाला, "अजून इथीच हायेस?" बस, एवढंच. तो वळणापलीकडे गेला तशी आम्ही दोन पिशव्या भरल्या. चूल विझवली की नाही, तेही आठवत नाही.

शहरात खोली मिळाली ती आमच्यासारख्याच पळून आलेल्यांच्या वस्तीत. कोण कुठून आलं, कोणी विचारत नसे. नवऱ्याने बजावून ठेवलं होतं, "गावाचं नाव कोणाले सांगायचं नाई. अन् फोटो तं काढूच द्यायचा नाई." गल्लीत मोटारसायकल थांबली की मी दाराची कडी लावायची आणि ती पुन्हा सुरू होऊन निघून जाईपर्यंत श्वास धरून उभी राहायची. बाकी मी लई हुशार! शेजारणीला सांगितलं, आम्ही ब्रह्मपुरीचे. ती निघाली तिथलीच. म्हणाली, "ब्रह्मपुरीत कुठी वो?" मी बसस्टँडपलीकडची ब्रह्मपुरी जन्मात पाहिली नव्हती. म्हटलं, "बसस्टँडवरच." तिला वाटलं असेल, हिचं कुटुंब फलाटावरच नांदत होतं.

त्याच वस्तीत एक मॅडम यायच्या. बायकांच्या हाती कॅमेरे द्यायच्या आणि म्हणायच्या, जे तुम्हाला आपलं वाटतं त्याचा फोटो काढा. आता, फोटो काढू द्यायचा नाही असं नवरा म्हणाला होता. आपण काढायचा नाही असं कुठे म्हणाला होता? मी घेतला कॅमेरा.

पण चेहरा कोणाचा घ्यायची हिंमत होईना. आमच्याकडे कोण कोणाबरोबर उभं होतं, एवढ्यावरून माणूस जिवानिशी जायचा. मग मी सगळ्यांची मुंडकी सोडून फोटो काढले. नळावरच्या बायका मानेखालून, पोरं पायांपुरती. मॅडमना वाटलं, हिला कॅमेरा धरता येत नाही. "ताई, थोडा वर धरा." मी इतका वर धरला की नुसतं आभाळ आलं. "आता खाली." खाली धरला तर माझ्याच चपला. मॅडमनी कपाळाला हात लावला. मी आतून हसले. पण खरं कारण सांगणार कसं? सांगितलं की गाव सांगावं लागणार.

एक फोटो मात्र मनापासून काढला. बाजारातून थोडी मोहाची फुलं आणून खोलीपुढच्या अंगणात सुपात वाळत घातली होती. सकाळचं ऊन पाठीवर होतं. सुपाचा फोटो घेतला, दाबलं बटण, झालं.

मॅडमनी आमच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. त्या सकाळी हॉलमध्ये गेले तर भिंतीवर सगळ्यांत मोठा तोच फोटो. सूप होतं. पण सुपावरून, पार अंगणभर, माझी सावली पडली होती. एक हात कमरेवर, दुसरा कॅमेऱ्याशी आणि त्याचं कोपर बाहेर निघालेलं, वाकडं. लहानपणी चारोळीच्या झाडावरून पडले तेव्हा मोडून तसंच जुळलेलं. पंचक्रोशीत असं कोपर दुसऱ्या कोणाचं नाही. मुंडकी कापत फिरणारी ही शहाणी स्वतःलाच अख्खी टांगून बसली होती!

आणि तरीही क्षणभर पाय हलेना. शहरात आल्यापासून मी भिंतीकडेने, खाली मान घालून चालत होते. ही बाई एवढी उंच? अशी उभी राहते मी?

मग नवरा आठवला. कोणी ओळखलं तर ते मला नाही, त्याला शोधत येतील. धावत घरी गेले, उशी रिकामी केली आणि खोळ फोटोवर चढवली. जीव जरा थाऱ्यावर आला.

तेवढ्यात पाहुणे आले. कुठल्याशा कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी पाहिलं, बाकी सगळे फोटो उघडे आणि एकच झाकलेला. त्यांना वाटलं, अनावरण याचंच करायचं. दोन बोटांनी खोळ ओढली, घडी करून शालीसारखी हातावर घेतली. टाळ्या! सगळा हॉल त्या एका फोटोपुढे गोळा झाला. पेपरवाला पुढे सरसावला. मी पदर तोंडावर ओढला आणि दाराकडे निघाले. डोक्यात एकच, उद्याचा पेपर पहिल्या एसटीने गावात जाईल.

तोच मागून कोणीतरी माझं वाकडं कोपर घट्ट धरलं.

वळून पाहिलं. आमच्याच गावची, पलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे वाडीवरची, बाई. तिच्याबरोबर मी कितीतरी उन्हाळे मोह वेचला होता. ती आजूबाजूला पाहून माझ्या कानाशी लागली आणि म्हणाली,

"आमीबी पळून आलो वो. बजारात तुले कितीक खेपा पाह्यलं, पण तूच आमचं ठिकाण सांगशीन म्हणून दर खेपेले तोंड लपवून पळत होती मी. आता दोघी भिऊन काऊन राह्यलो? चाल, तुह्या घरी चाय मांड. अन् ती खोळ घे पह्यले त्या मानसापासून, तो घरी घेऊन चालला."