खांद्याला सुट्टी नसते

सासरी तिला 'कात्री' म्हणायचे. अर्धं धंद्यामुळे, अर्धं जिभेमुळे. लग्नाआधीपासून ती पार्लरमध्ये केस कापत होती, आणि तोंड उघडलं की समोरच्याची खैर नसायची. तर या कात्रीचा नेमका उजवा खांदा आखडला. आखडला म्हणजे कसा, की वरच्या फळीवरचा डबा निघेना, वेणी घालता येईना. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ड्रायर धरायचं तर नावच नको. दोन महिने बाई घरी बसली.

फिजिओथेरपीवाल्या बाईनं दोन व्यायाम लावून दिले होते. दारावरून दोरी टाकून चांगल्या हातानं दुखरा हात वर ओढायचा, आणि भिंतीवर बोटं चालवत हात वर चढवायचा. "चुकवलंत तर खांदा परत धरेल, मग माझ्याकडे रडत येऊ नका," असा दमही भरला होता. पार्लरच्या मालकिणीनं तर कसलीच भीडभाड ठेवली नाही. एक तारखेला ये, हात डोक्याच्या वर नेऊन दाखव, नाहीतर तुझी जागा नव्या पोरीला. ती नवी पोरगी च्युइंगम चघळत वाटच बघत होती.

आणि मुहूर्त बघा, नवऱ्यानं नेमकं एक तारखेच्या आधीच्या आठवड्यात सुट्टीसाठी समुद्राकाठी घर भाड्यानं घेतलं. सोबत सासू आणि नणंद. परतायचं ते महिनाअखेरीला.

पहिल्या सकाळी तिनं बॅग उपसली. दोरी नाही.

"अहो, माझी दोरी कुठाय?"

"राहिली असेल घरी," मोबाइलमधून मान वर न काढता नवरा म्हणाला. "बरंच झालं की. चार दिवस आराम कर. हात नाही हलवला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

दोरी तिनं स्वतःच्या हातानं ठेवली होती. पण प्रवासाचा शीण होता, वाद कोण घालणार. खुंटीवरचा नवऱ्याचा पट्टा ओढला, बाथरूममध्ये शॉवरच्या पाइपवरून टाकला आणि लागली हात ओढायला. दोन मिनिटं झाली नाहीत तोच दारावर थापा.

"वहिनी, तिथंच मुक्काम ठोकलात की काय?" नणंद बाहेरून ओरडली. "चहा कोण टाकणार?"

"समुद्रावर येऊन कवायत!" सासूची साथ होतीच. "ऐकावं ते नवलच बाई."

सुट्टी सगळ्यांची होती. गॅसपुढे उभं राहणारीची तेवढी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पट्टा खुंटीवर नव्हता, नवऱ्याच्या कमरेला होता. हाफ पँटवर पट्टा आवळून वाळूत फिरणारा माणूस तिनं जन्मात पहिल्यांदा बघितला. मग टॉवेल घेतला, तर तो नणंदेला तेव्हाच हवा झाला. खोलीतली मोकळी भिंत गाठली, तर तिथे कुणीतरी सगळ्या बॅगा रचून ठेवल्या होत्या. रोज काहीतरी आडवं यायचंच. खांदा पुन्हा जड व्हायला लागला, आणि ती मनातल्या मनात धसकली.

शेवटून दुसऱ्या सकाळी साखरेचा डबा काढायला तिनं हात वर केला आणि कळ डोक्यात गेली. "ताई, जरा डबा काढून देता?"

नणंदेनं डबा दिला, वर हसली. "दादाचं खरं झालं म्हणायचं. तो म्हणालाच होता, एवढा आठवडा व्यायामाविना निघाला की ते पार्लरचं झंझट मिटलं. आईलाही घरात माणूस हवंच की. दोरी त्यानंच मला काढायला सांगितली होती."

आणि हे सांगताना तिला काडीची लाज नव्हती हो! जणू वहिनीवर उपकारच केले होते.

कात्रीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गॅस बंद करून ती हॉलमध्ये आली.

"दोरी तुम्ही काढायला लावलीत?"

"तुझ्याच भल्यासाठी," नवरा म्हणाला. चेहऱ्यावर ओशाळेपण नावाला नाही. "दिवसभर उभं राहायचं, लोकांची डोकी सांभाळायची. हे दोन महिने घर कसं घरासारखं वाटतंय."

"आणि मला काय वाटतंय?"

"तुला काय वाटायचंय? काही कमी आहे का तुला?"

त्याला खरंच कळत नव्हतं. अंगावर धावून आला असता तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. हा तर मायेनं तिचा हात लुळा करायला निघाला होता. त्या क्षणी तिला त्याची किळस आली.

टीव्हीशेजारच्या भिंतीला तिनं बोटं टेकवली आणि सगळ्यांदेखत हात चढवायला लागली. छातीपर्यंत. खांद्यापर्यंत. कानापाशी कळ अशी आली की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी बोटं थांबली नाहीत.

"अगं, चहा..." सासू म्हणाली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

हात डोक्याच्या वर गेला तसा नवरा उठला. त्यानं अलगद तिचं मनगट धरलं आणि खाली ओढायला लागला. "पुरे आता. दुखतंय ना तुला?"

"दुखतंय. सोड हात."

त्यानं दचकून सोडला. हात भिंतीवरून खाली आला नाही. तिनं दात आवळून बोटं अजून वर नेली, आणि मग मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"एक तारखेला मी जाणार. खांदा निखळला तरी जाणार. आणि तोवर मला हात लावलास तर याद राख."